गोल न खाण्याची विद्या

खालिद जमील हे भारताच्या पुरुष फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक. १ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांची निवड जाहीर केली. या जागेवर त्याआधी बसलेले शेवटचे भारतीय म्हणजे गोव्याचे साव्हियो मेदेरा. ते २०१२ मध्ये पायउतार झाले आणि मग तेरा वर्षे इंग्लंड, नेदरलँड्स, क्रोएशिया, स्पेन अशा देशांतून माणसे येत-जात राहिली. जमील यांची सगळी जडणघडण मुंबईतली. मुंबईच्या कंपन्यांच्या संघांतून ते खेळले, मुंबईच्याच क्लबात प्रशिक्षक झाले आणि नाव मात्र त्यांनी मिझोरममध्ये कमावले. साधनांची चणचण असलेला, इतरांनी मोडीत काढलेला संघ हाती घ्यायचा, आधी त्याचे गोल खाणे थांबवायचे आणि मग एखाद्या गोलाच्या जोरावर सामना काढायचा, ही त्यांची पद्धत. तिने त्यांना वर नेले आणि अवघड प्रसंगी अडचणीतही तिनेच टाकले.

जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ चा, कुवेतमधला. आईवडील भारतीय. १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, पाठोपाठ आखाती युद्ध झाले आणि हजारो भारतीय कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही मायदेशी परतून मुंबईत स्थिरावले. मुंबईच्या फुटबॉलचा तो शेवटचा बरा काळ होता. कूपरेजवर रोव्हर्स चषक अजून खेळला जात होता. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा पुढे दहाएक वर्षांतच बंद पडली. शहरात फुटबॉल चाले तो मुख्यतः कचेऱ्यांच्या आणि कारखान्यांच्या आधारावर. महिंद्र, एअर इंडिया, बँका, रेल्वे, गोदी, पोलीस अशांचे संघ असत. खेळाडूला पगार मिळे आणि मान मिळे, पण तो मान मुंबईच्या मैदानापुरता. कोलकात्यातल्या खेळाडूभोवती जी गर्दी जमे तिचा इथे मागमूस नसे.

जमील १९९७ मध्ये महिंद्रात आले, पुढच्या वर्षी एअर इंडियात गेले आणि २००२ मध्ये पुन्हा महिंद्राकडे परतले. तोवर महिंद्र अँड महिंद्रच्या संघाचे नाव महिंद्र युनायटेड झाले होते. त्यांची जागा मधल्या फळीत. भारताच्या संघातूनही ते खेळले. सितारा म्हणावा असा हा खेळाडू नव्हता. मात्र महिंद्र युनायटेडच्या सर्वांत यशस्वी हंगामात, म्हणजे २००५-०६ मध्ये, ते त्या संघात होते. त्या हंगामात महिंद्रने फेडरेशन चषक जिंकला आणि राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. एकाच हंगामात दोन्ही मोठे चषक आणि तेही कोलकाता-गोव्याबाहेरच्या संघाने, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्या संघाचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा.

परेरा यांच्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे. ते गोव्याचे, खेळायचे बचावफळीत. साळगावकर क्लबाकडून आणि भारताकडून खेळून ते प्रशिक्षणाकडे वळले. महिंद्रनंतर त्यांनी पुणे एफसीला, राष्ट्रीय फुटबॉल लीगची जागा घेतलेल्या आय-लीगच्या वरच्या पंगतीत नेले. २०१२-१३ च्या हंगामात हा क्लब चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा आला. पुढे त्यांनी साळगावकर, पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स, चर्चिल आणि एफसी गोवा या क्लबांची धुराही वाहिली. गोव्याचाच दुसरा बचावपटू महेश गवळी याचाही मार्ग असाच. ईस्ट बंगालच्या ज्या संघाने २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब अजिंक्यपद जिंकले, त्यात गवळी होता. २०११ च्या आशियाई चषकापर्यंत तो भारताकडून खेळला आणि नंतर इगोर स्टिमाच यांच्या हाताखाली भारताच्या संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. भारतात मोठे नाव होते ते गोल करणाऱ्याचे. प्रशिक्षकाच्या बाकावर मात्र मागच्या आणि मधल्या फळीतली माणसे अधिक रुळलेली दिसतात. सारा सामना डोळ्यांसमोर घेऊन खेळण्याची सवय त्यांना तिथे उपयोगी पडत असावी.

२००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब स्थापन झाला. कोणत्याही कचेरीचा संघ न होता केवळ फुटबॉलसाठी उभा राहिलेला हा व्यावसायिक क्लब. इंग्लंडचे डेव्हिड बूथ त्याचे पहिले प्रशिक्षक. २००८ मध्ये दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून क्लबाने आय-लीगमध्ये प्रवेश मिळवला. जमील खेळाडू म्हणून इथे आले खरे, पण दुखापतींनी त्यांचे खेळणे संपवले. त्यांनी क्लबाच्या तरुण मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मुख्य संघ त्यांच्या हाती आला. तो सात वर्षे त्यांच्याकडेच राहिला. भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावर बदलला जातो, तिथे सात वर्षे एकाच बाकावर बसणे ही दुर्मीळ गोष्ट.

या सात वर्षांत मुंबई एफसीने मोठे काही जिंकले नाही. क्लबाची तिजोरी लहान होती. घरचे मैदान कूपरेज दुरुस्तीसाठी बंद असल्याने काही काळ घरचे सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागत होते. दरवर्षी बरे खेळाडू मोठे क्लब उचलून नेत. तरीही जमील यांच्या कारकिर्दीत हा संघ खालच्या श्रेणीत घसरला नाही. बड्या संघांना त्याच्याविरुद्ध खेळणे नकोसे वाटे. मुंबईचे दहा खेळाडू चेंडूच्या मागे येऊन उभे राहत, जागा देत नसत आणि चेंडू मिळाला की लांब मारून पुढच्या खेळाडूच्या डोक्यावर टाकत. कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो-इन यांतून गोल शोधत. हा खेळ बघायला सुंदर नव्हता आणि टीकाही भरपूर झाली. पण ज्याच्याकडे सुंदर खेळण्याइतके पैशाचे पाठबळ नाही, त्याने मोठ्यांची नक्कल करून चार गोल खाऊन यावे असे म्हणण्यातही शहाणपण नाही. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी पाठीवर न पडायला शिकवतो, डाव नंतर येतात. जमील यांनी मुंबईत केले ते हेच.

२०१६ मध्ये क्लबाने त्यांना निरोप दिला. पुढच्या हंगामात मुंबई एफसी आय-लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिला आणि नंतर क्लब बंदच झाला. महिंद्र युनायटेड तर २०१० मध्येच कंपनीने मोडला होता. २०१७ मध्येच डीएसके शिवाजीयन्सही मैदानावरून गेला आणि महाराष्ट्रात आय-लीगचा एकही संघ उरला नाही. इंडियन सुपर लीगचे, म्हणजे आयएसएलचे, मुंबई सिटी आणि पुणे सिटी तेवढे होते, त्यांतला पुण्याचा २०१९ मध्ये संपला. कोल्हापूरच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी या तालमी-मंडळांच्या सामन्यांना गॅलरी भरते. १९४० पासूनची कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आजही साखळी स्पर्धा भरवते. पेठेपेठेतून वर्गणीवर चालणारे संघ टिकले आणि कोट्यवधींच्या कंपन्यांचे संघ बुडाले. पण पेठेच्या संघातून पुढे जाऊन पोटापुरता फुटबॉल खेळायचा तर मुलाला राज्याबाहेरच जावे लागते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव जमशेदपूर, हैदराबाद, कोलकाता, ओडिशा असा फिरला तो त्यामुळेच.

जमील यांनाही राज्याबाहेरच जावे लागले. २०१६ च्या अखेरीस ते ऐजॉल एफसीत दाखल झाले. मिझोरमचा हा क्लब आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी, म्हणजे साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाठोपाठ धेंपो यांनी, महासंघाच्या धोरणावर नाराज होऊन स्पर्धेतून अंग काढून घेतले, म्हणून ऐजॉलला पुन्हा जागा मिळाली. अशा संघाकडून कोणी जेतेपदाची अपेक्षा करत नव्हते. टिकला तरी पुरे, असाच हिशेब होता.

जमील यांनी जाताना मुंबईतून आपली माणसे नेली. मधल्या फळीत आणि बाजूने खेळणारा जयेश राणे आणि बचावपटू आशुतोष मेहता हे दोघेही मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले. गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स होता. परदेशी खेळाडूंत सीरियाचा महमूद अल-अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान मध्ये, नायजेरियाचा किंग्जली मागे. बाकीचे बहुतेक मिझोरमचेच, चपळ आणि धावून न थकणारे. डोंगरावरच्या त्या शहरात राजीव गांधी स्टेडियमच्या कृत्रिम हिरवळीवर येऊन जिंकणे पाहुण्या संघांना जड गेले.

हंगाम संपत आला तेव्हा चित्र असे की जेतेपदासाठी फक्त दोघे उरले, मोहन बागान आणि ऐजॉल. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐजॉलमध्ये दोघांचा सामना झाला. सामना शेवटाकडे झुकला तरी गोल नव्हता. ८३ व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्ते या बचावपटूने हेडर मारून तो केला आणि १-० असा निकाल लागला. आता शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध दिपांदा डिकाने सुरुवातीलाच गोल करून ऐजॉलला मागे टाकले. तिकडे कोलकात्यात मोहन बागान आपला सामना जिंकत होता. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने गोल फेडला. पुढचा वेळ ऐजॉलने काढला आणि १८ सामन्यांत ११ विजय, ४ बरोबऱ्या, ३ पराभव अशा ३७ गुणांनी विजेतेपद मिळवले. मोहन बागानचे गुण ३६. ईशान्य भारतातील क्लबाने देशाची साखळी जिंकण्याची ही पहिलीच वेळ. इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने आदल्या वर्षी केलेल्या चमत्काराशी सगळीकडे तुलना झाली. या विजयाचे बक्षीस म्हणून ऐजॉलला काय मिळाले, हे मात्र भारतीय फुटबॉलची रचना समजण्यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. देशाची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणून तेव्हा आयएसएल पुढे येत होती. तिथे शिरायचे तर पैसे भरून जागा घ्यावी लागे, जिंकून मिळत नसे. विजेता ऐजॉल बाहेरच राहिला.

विजेत्या प्रशिक्षकाला मात्र कोलकात्याचे बोलावणे आले. ईस्ट बंगालने २००३-०४ नंतर देशाची साखळी जिंकली नव्हती. तो दुष्काळ हटवायला जमील यांना आणले गेले. अल-अमनाही त्यांच्यासोबत आला. कोलकाता साखळी त्यांनी जिंकून दिली, पण ईस्ट बंगालचा प्रेक्षक त्यावर समाधान मानणारा नाही. आय-लीगमध्ये मोहन बागानविरुद्धचे दोन्ही सामने गेले. पहिल्यात गोल केला किंग्जलीने आणि दुसऱ्यात दोन्ही गोल डिकाने. किंग्जली ऐजॉलमध्ये त्यांच्याच बचावफळीचा खांब होता आणि डिका शिलाँगच्या त्या शेवटच्या सामन्यात त्यांच्या पोटात गोळा आणणारा. दोघेही आता बागानमध्ये होते. हंगामात ईस्ट बंगाल चौथा आला, सुपर चषकाच्या अंतिम फेरीत बेंगळुरूकडून १-४ असा हरला आणि जमील यांचा मुक्काम एका हंगामात संपला.

जानेवारी २०१९ मध्ये नदीच्या पलीकडून नव्हे तर रस्त्याच्या पलीकडून हाक आली, मोहन बागानची. हंगाम अर्धा झाला होता, संघ मागे पडला होता. आल्या आल्या डर्बी लागली आणि ईस्ट बंगालने ती २-० अशी जिंकली. बागान पाचवा आला. कोलकात्याच्या दोन्ही बड्या घरांची नोकरी करून जमील रिकाम्या हाताने बाहेर पडले. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. मुंबई किंवा ऐजॉल बड्या संघासमोर मागे दबून खेळत, तेव्हा समोरचा चालून येई आणि पाठीमागे मोकळी जागा ठेवी. ईस्ट बंगाल किंवा बागान मैदानात उतरला की समोरचाच संघ मागे दबून बसतो. तिथे जमील यांच्या हातखंड्याला काम उरत नव्हते. शिवाय कोलकात्याला रोज नवे उत्तर लागते. पत्रकार, पदाधिकारी, माजी खेळाडू, चाहते सगळेच विचारत असतात. जमील मितभाषी. पत्रकार परिषदेत त्यांची उत्तरे एका ओळीची असतात आणि ती ओळही सहसा खेळाडूंचे श्रेय सांगणारी असते.

कारकीर्द संपल्यातच जमा होती, तेव्हा गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना सहायक म्हणून घेतले. आयएसएलमधला हा क्लब. या स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक परदेशी आणि त्याचा सहायक भारतीय, ही जणू वर्णव्यवस्थाच होती. परदेशी माणसाला काढले की उरलेले सामने निभावून नेण्यापुरता सहायक पुढे येई आणि नवा परदेशी आला की मागे सरके. जमील यांनी २०२० मध्ये एकदा असे निभावून नेले. जानेवारी २०२१ मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नुस यांना क्लबाने काढले तेव्हा दुसऱ्यांदा वेळ आली. कोविडमुळे सगळी स्पर्धा गोव्यात, प्रेक्षकांविना, हॉटेल आणि मैदान एवढ्याच कुंपणात चालली होती. संघ खालच्या अर्ध्यात होता. जमील यांच्या हाती आल्यावर साखळीतला एकही सामना तो हरला नाही आणि ३३ गुणांसह तिसरा येऊन उपांत्य फेरीत पोचला. तिथे एटीके मोहन बागानने दोन सामन्यांत मिळून ३-२ असे हरवले. आयएसएलमध्ये संघाला बाद फेरीपर्यंत नेणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. त्यानंतर क्लबाने त्यांना कायम केले. स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झालेली, आणि पूर्ण वेळ मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमलेला पहिला भारतीय मिळायला २०२१ साल उजाडले. तो पुढचा हंगाम मात्र वाईट गेला. अकरा संघांत नॉर्थईस्ट दहावा आला आणि नोकरी गेली.

आयएसएलमधली पुढची संधीही कोणीतरी काढला गेल्यावर मिळालेलीच. २०२३ च्या अगदी शेवटी जमशेदपूर एफसीने स्कॉट कूपर यांना हटवून जमील यांना आणले. तो हंगाम गेला तो गेलाच, पण २०२४-२५ मध्ये संघ ३८ गुणांसह पाचवा आला आणि बाद फेरीत पोचला. तिथे शिलाँगमध्ये जाऊन त्यांनी आपल्याच जुन्या नॉर्थईस्टला २-० असे हरवले. उपांत्य फेरीत जमशेदपूरला घरच्या सामन्यात मोहन बागानवर २-१ असा विजय मिळाला, तोही शेवटच्या क्षणी झालेल्या गोलाने. कोलकात्यातल्या दुसऱ्या सामन्यात बागानचा निर्णायक गोल तसाच भरपाईच्या वेळेत आला, ०-२ अशी हार झाली आणि अंतिम फेरी हुकली. महिनाभरात संघ सुपर चषकाच्या अंतिम फेरीत होता. भुवनेश्वरमध्ये ३ मे २०२५ रोजी एफसी गोव्याने ती ३-० अशी जिंकली. महासंघाने २०२३-२४ आणि २०२४-२५ असे लागोपाठ दोनदा वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांना निवडले. साखळीत २४ पैकी १२ सामने जिंकणारा हा संघ नुसता बचाव करणारा नव्हता. जमील यांच्यावरचा 'बचावाचा कोच' हा शिक्का एव्हाना पुरता खरा राहिला नव्हता, तरी तो पुसलाही गेला नव्हता.

या सुमारास भारताच्या संघाची अवस्था बिकट होती. स्पेनचे मानोलो मार्केझ यांच्या कारकिर्दीत आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारताने मार्च २०२५ मध्ये बांगलादेशाशी शिलाँगला गोलशून्य बरोबरी केली आणि जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१ असा पराभव पत्करला. गटातून एकच संघ पुढे जाणार होता. जागतिक क्रमवारीत भारत १३३ वा होता. मार्केझ गेले, महासंघाने अर्ज मागवले आणि दीडशेहून अधिक अर्जांतून अखेर तीन नावे उरली. दोनदा भारताला शिकवून गेलेले इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच आणि जमील. महासंघाकडे पैसा फारसा नव्हता, हेही जमील यांच्या पथ्यावर पडले असे म्हणायला जागा आहे. करार दोन वर्षांचा.

त्याच काळात दक्षिण कोरियाच्या संघाची सूत्रे हाँग म्युंग-बो यांच्याकडे होती. बचावपटू ते राष्ट्रीय प्रशिक्षक या वाटेचे आशियातले सर्वांत ठळक उदाहरण हेच. १९६९ चा जन्म, १९९० ते २००२ असे सलग चार विश्वचषक, १३६ आंतरराष्ट्रीय सामने. २००२ मध्ये कर्णधार म्हणून स्पेनविरुद्ध टायब्रेकरचा अखेरचा पेनल्टी गोलात मारून त्यांनी कोरियाला उपांत्य फेरीत नेले. त्यांच्यावर देशाने २००९ मध्येच, चाळिशीत, वीस वर्षांखालील संघ सोपवला. तेच खेळाडू वाढवत त्यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानला २-० असे हरवून कांस्यपदक मिळवले. २०१४ च्या विश्वचषकात संघ एकही सामना न जिंकता परतला तेव्हा विमानतळावर चाहत्यांनी त्यांच्या अंगावर चिक्कीसारख्या टॉफ्या फेकल्या. ते पायउतार झाले, फुटबॉल संघटनेत पदाधिकारी म्हणून काम केले, उल्सान क्लबाला २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवून दिली आणि २०२४ मध्ये, बराच वाद होऊन, राष्ट्रीय संघावर परत आले. जून २०२५ मध्ये बसऱ्यात इराकला २-० असे नमवून कोरियाने २०२६ च्या विश्वचषकातली जागा पक्की केली.

एके काळी हे दोन देश बरोबरीचे होते. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तात आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले होते. दोन गोलांपैकी एक पी. के. बॅनर्जी यांचा आणि दुसरा डोक्याला टाके असताना आघाडीवर खेळायला पाठवलेला बचावपटू जर्नेल सिंग यांचा. २०११ च्या आशियाई चषकात कोरियाने भारताला ४-१ असे हरवले तेव्हा अंतर किती पडले ते कळले. प्रशिक्षक घडवण्यातही हेच अंतर आहे. हाँग यांना देशाने ठरवून संघ दिला, वेळ दिला, अपयशानंतर दुसरी संधी दिली. जमील यांना प्रत्येक वेळी दुसऱ्याची अर्धवट टाकलेली पंगत वाढायला मिळाली.

राष्ट्रीय संघाबरोबर त्यांची सुरुवात झाली ती मध्य आशियाई संघटनेच्या नेशन्स चषकापासून. भारताचे सामने ताजिकिस्तानात होते आणि स्पर्धा फिफाच्या ठरलेल्या दिवसांत पूर्णपणे बसत नव्हती, त्यामुळे मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. सुनील छेत्रीलाही जमील यांनी संघात घेतले नव्हते. २९ ऑगस्ट २०२५ रोजी यजमान ताजिकिस्तानला भारताने २-१ असे हरवले. पाचव्या मिनिटाला महंमद उवैसच्या लांब थ्रो-इनवरून अन्वर अलीने हेडरने गोल केला. उवैस जमशेदपूरमध्ये जमील यांच्याच हाताखाली खेळलेला. तेराव्या मिनिटाला मुंबईकर राहुल भेकेचा हेडर गोलरक्षकाने अडवला आणि परत आलेला चेंडू संदेश झिंगनने आत ढकलला. दोन्ही गोल बचावपटूंचे. मग गुरप्रीत सिंग संधूने एक पेनल्टी रोखली. पुढे इराणकडून ०-३ अशी हार झाली, झिंगनच्या गालाचे हाड मोडले, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली. तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानविरुद्ध भारत मागे पडला, उदांता सिंगने ८० व्या मिनिटाला गोल फेडला आणि टायब्रेकरमध्ये भारताने ३-२ अशी बाजी मारली. क्रमवारीत खूप वर असलेल्या ओमानला भारत क्वचितच त्रास देऊ शकला होता.

ऑक्टोबरमध्ये खरी परीक्षा आली. ९ तारखेला सिंगापुरात भारत पिछाडीवर असताना उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच झिंगनला लाल कार्ड मिळाले. दहा जणांनी तग धरला आणि ९० व्या मिनिटाला समोरच्या बचावाची चूक पकडून रहीम अलीने १-१ केले. जमील यांच्या जुन्या संघांची आठवण यावी असा सामना. पाच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर मात्र भारताला जिंकायचेच होते. लालियानझुआला छांगतेने १४ व्या मिनिटाला गोल केला. त्यानंतर संघ मागे सरकत गेला. मध्यंतराआधी आणि मध्यंतरानंतर असे दोन गोल करून साँग उई-यंगने सामना २-१ असा सिंगापूरच्या पदरात टाकला. हा साँग दक्षिण कोरियात जन्मलेला आणि २०२१ मध्ये सिंगापूरचा नागरिक झालेला. या पराभवाने भारताचे २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने १-० असे हरवले. बांगलादेशाकडून भारत बावीस वर्षांनी हरला होता.

या पराभवांवर झालेल्या टीकेचा रोख पुन्हा बचावात्मक खेळावरच होता. फातोर्ड्यात आघाडी घेतल्यावर संघ मागे बसला हे खरे आहे आणि ते जमील यांच्या खात्यावर जाते. पण नोव्हेंबरपर्यंतच्या त्यांच्या सात सामन्यांत भारताने केलेले गोल पाचच, आणि त्यांतले दोन बचावपटूंनी केलेले. याचे मूळ राष्ट्रीय संघाच्या बाहेर आहे. आयएसएलमधल्या बहुतेक क्लबांत गोल करण्याची जागा परदेशी खेळाडूकडे असते. भारतीय मुलगा बाजूला सरकतो, मधल्या फळीत जातो किंवा राखीव बाकावर बसतो. छेत्रीसारखा क्लबाकडून आठवड्यामागून आठवडे आघाडीवर खेळणारा भारतीय अपवादाने सापडतो, म्हणून चाळिशी ओलांडलेल्या छेत्रीलाच ऑक्टोबरच्या सामन्यांसाठी पुन्हा बोलवावे लागले. त्यातच २०२५ च्या उत्तरार्धात महासंघ आणि स्पर्धेचे व्यापारी हक्क सांभाळणारी कंपनी यांच्या वादात आयएसएलचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही आणि राष्ट्रीय संघात येणारे खेळाडू सामन्यांच्या सरावाविना येऊ लागले. पात्रता फेरीतल्या पहिल्या पाच सामन्यांत भारताच्या वाट्याला दोन बरोबऱ्यांचे दोन गुण आले. त्यांतला एक मार्केझ यांच्या काळातला, दुसरा सिंगापुरात दहा खेळाडूंनी मिळवलेला.